शंकेचा खडा

मराठीत 'मंत्रचळ' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. उच्चार चुकला की काय, या धास्तीने तोच मंत्र पुनःपुन्हा म्हणणारा, किंवा सोवळ्याला विटाळ झाला या संशयाने दहादा स्नान करणारा माणूस दिसला, की त्याला मंत्रचळ लागला असे लोक म्हणतात. मानसोपचारशास्त्राच्या दृष्टीने नको असलेल्या विचारांचा आणि टाळता न येणाऱ्या कृतींचा हा एक विकार आहे. तो शंभरांतील एकदोघांना तरी आयुष्यात केव्हातरी जडतो, आणि काही रुग्णांत धर्माचा वेष घेऊन येतो. या धार्मिक प्रकाराचे पाश्चात्त्य नाव ज्या लॅटिन शब्दावरून आले, त्याचा मूळ अर्थ आहे अणकुचीदार बारीक खडा. वहाणेत शिरलेला खडा इतरांना दिसत नाही. पण ज्याच्या पायाखाली तो असतो, त्याला एक पाऊलही सुखाने टाकू देत नाही.

श्रोतेहो, येथे कोणी म्हणेल, की पापाची भीती बाळगणे हा तर धार्मिकाचा गुणच आहे. ते खरे आहे. परंतु भक्ताची भीती त्याला ईश्वराकडे नेते, आणि रुग्णाची भीती त्याला एकाच नियमाभोवती फिरवत ठेवते. उपवासात लाळ गिळली गेली तर व्रत मोडले काय, या प्रश्नात ज्याचा दिवस जातो, त्याला दया, कर्तव्य, घरची माणसे यांसाठी वेळ उरत नाही. प्रार्थना त्याच्या ओठांवर असते. तिच्यातली शांती मात्र त्याला मिळत नाही.

असा माणसू आधी वैद्याकडे जात नाही. तो धर्मगुरूकडे जातो. "माझ्या हातून पाप घडले काय?" असे तो विचारतो. गुरू सहृदयतेने "नाही" म्हणतात. घटकाभर बरे वाटते, आणि मग नवी शंका उगवते: मी सर्व नीट सांगितले होते ना? असे प्रत्येक आश्वासन रोगाचे खाद्य होते. उपचाराची दिशा याच्या उलट आहे. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली दोन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील एका रुग्णाला ईश्वरनिंदेचे विचार छळीत असत. जिची भीती वाटते त्या गोष्टीला सामोरे जायचे आणि नेहमीची परिमार्जनाची कृती करायची नाही, हे त्या उपचाराचे सूत्र होते. कृतीचा आधार न मिळाल्यास भीती हळूहळू ओसरते. गरजेप्रमाणे औषधांचीही जोड देतात.

पण धार्मिक रुग्णापुढे वैद्याचा एक हात बांधलेला असतो. "प्रार्थना एकदाच म्हणा, मन भरकटले तरी पुन्हा म्हणू नका," असे त्याने सांगितले, की रुग्ण म्हणणार, "पापाची परवानगी देणारे तुम्ही कोण?" हा प्रश्न रास्त आहे. नियमाची खरी मर्यादा कोणती, हे धर्म जाणणाऱ्यानेच सांगायला हवे. म्हणून अमेरिका, इस्रायल इत्यादी देशांत काही चिकित्सक रुग्णाच्या संमतीने पाद्री, रब्बी किंवा इमाम यांच्याशी विचारविनिमय करतात. धर्माने निषिद्ध मानलेले काहीही उपचारात करायला लावायचे नाही. मात्र सामान्य श्रद्धावान मनुष्य जेवढे पाळतो, त्याहून अधिक पाळायचे नाही. शंकेचे उत्तर एकदाच द्यायचे. दुसऱ्यांदा विचारले, तर प्रेमाने पण ठामपणे नकार द्यायचा. कबुलीजबाबातले गुपित पाद्रीने फोडायचे नसते, आणि वैद्याला त्याची गरजही नसते.

हा ठामपणा किती नेमका असावा लागतो, हे संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रात दिसते. 1522 साली स्पेनमधील मान्रेसा येथे ते राहत असताना, पूर्वी कबूल केलेली पापे नीट सांगितली गेली नाहीत, या शंकेने त्यांना ग्रासले. जीव द्यावा असे विचार त्यांच्या मनात येऊ लागले. "फार स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांग," अशा अर्थाची आज्ञा त्यांच्या गुरूने केली. हेतू चांगला होता. पण इग्नेशियसना प्रत्येक पाप स्पष्टच वाटे. आज्ञेत ठेवलेल्या त्या एका फटीतून सारा रोग पुन्हा आत आला. अखेर जुन्या पापांची कबुली यापुढे मुळीच द्यायची नाही, असा त्यांनी निश्चय केला, तेव्हा ते सुटले. गुरूजवळ रोगाचे ज्ञान असते, तर ती फट राहिली नसती.

ही जाण धर्मपरंपरांना अगदीच परकी नाही. अशा शंकांना अरबीत 'वस्वास' म्हणतात. ज्याला त्या सतत छळतात त्याने त्यांकडे लक्ष देऊ नये, असे इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी सांगून ठेवले आहे. आपल्याकडेही पूजा चुकली म्हणून पुनःपुन्हा प्रायश्चित्त विचारणारा यजमान भेटला, तर गुरुजींनी नवे प्रायश्चित्त सांगण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला द्यावा. त्याचबरोबर तज्ज्ञानेही त्याच्या श्रद्धेला रोग समजू नये. खडा काढायचा आहे तो वहाणेतला. चालणाऱ्याची वाट बदलायची नाही.