रक्तातील आकडे आणि रुग्णाचे भवितव्य
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क आम्हांस नाही. परंतु आपणां परप्रांतस्थांच्या घरी दुर्धर आजार आला की वडीलधारी माणसे दूर असतात आणि रक्ततपासणीचा कागद तेवढा हाती असतो. त्या आकड्यांचा अर्थ लावता लावता धीर सुटतो. म्हणून हा विषय निवडला.

‘मल्टिपल मायलोमा’ हा रक्ताचा एक कर्करोग. आपल्या अस्थिमज्जेत प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या प्लाझ्मा पेशी असतात. या रोगात त्या बेसुमार वाढतात. १९७५ मध्ये डूरी व सॅमन या संशोधकांनी हिमोग्लोबिन, रक्तातील कॅल्शियम, विकृत प्रथिनाचे प्रमाण व हाडांची झीज यांवरून रोगाचे टप्पे ठरविले. पुढे २००५ मध्ये दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी अभ्यासून याहून सुटसुटीत अशी आंतरराष्ट्रीय पद्धत तयार झाली. तिला रक्तातील दोनच प्रथिने पुरतात: अल्ब्युमिन आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन.

अल्ब्युमिन यकृतात तयार होते. रोगाचा जोर वाढला की ते घटते. दुसरे प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावरून रक्तात येते व मूत्रपिंडांवाटे निचरा पावते. रोगपेशी वाढल्या वा मूत्रपिंडे थकली की ते साठते. हे दुसरे प्रथिन लिटरमागे ३.५ मिलिग्रॅमहून कमी आणि अल्ब्युमिन डेसिलिटरमागे ३.५ ग्रॅम वा अधिक असेल, तर पहिला टप्पा. दुसरे प्रथिन ५.५ वा त्याहून अधिक असेल, तर तिसरा. उरलेले सारे दुसऱ्यात. २०१५ मध्ये या पद्धतीला एलडीएच ही रक्तचाचणी व गुणसूत्रांची तपासणी यांची जोड मिळाली.

२००५ च्या त्या अभ्यासात पहिल्या टप्प्यातील रुग्णांचे मध्यक आयुर्मान ६२ महिने, तर तिसऱ्यातील २९ महिने आढळले. हा २९ चा आकडा वाचून ‘आता उपचार तरी कशाला?’ असे कोणाच्याही मनात येईल. येथेच सावध राहिले पाहिजे. मध्यक म्हणजे मुदत नव्हे. निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले, असा त्याचा अर्थ. शिवाय तो हिशेब त्या काळच्या उपचारांचा आहे; त्यानंतर नवी औषधे आली आणि आयुर्मान वाढले. तिसरी गोष्ट अशी की, मूत्रपिंडांचा जुना विकार असेल तर रोगाचा भार थोडा असूनही दुसरे प्रथिन चढलेले दिसते. समूहाचा आकडा एका माणसाची जन्मपत्रिका होऊ शकत नाही.

मग त्याचा उपयोग काय? रोगाचा जोर किती आहे, हे वैद्यास त्यावरून अजमावता येते आणि निरनिराळ्या उपचारांची तुलना न्याय्य होते. आपण एवढेच करावे: प्रत्येक अहवाल तारीखवार लावून ठेवावा. ज्यांच्या बदल्या होतात त्यांनी तर ही दक्षता अवश्य घ्यावी. सरकारी कामात मागील कागदांवाचून नव्या कागदाचा उलगडा होत नाही. येथेही एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल अधिक सांगते. आणि टप्पा कोणता, असे वैद्यास विचारताना ‘आमच्या रुग्णाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय?’ हेही निःसंकोचपणे विचारावे. आकड्याला भिऊन उपचार सोडणे हा त्या आकड्याहून मोठा धोका होय.