घरची इस्त्री निवडताना

मंडळी, इस्त्री ही आता शहरातल्या लोकांचीच वस्तू राहिली नाही. मुलांचा शाळेचा गणवेश आहे, पोराची नोकरीची मुलाखत आहे, लग्नकार्य आहे. आमच्या लहानपणी पितळी तांब्यात निखारे भरायचे आणि त्याच्या बुडाने सदरा दाबायचा. निखारे नसले तर घडी रात्रभर गादीखाली ठेवायची. आता घरोघरी वीज आली, म्हणून तुमच्यापैकी पुष्कळजण विचारतात, इस्त्री कोणती घ्यावी? साधी की वाफेची?

आधी एक गोष्ट. पैठणी, शालू, लग्नाचा कोट हे परिटाकडेच द्यावेत. पाच-सहा किलोंची कोळशाची इस्त्री हलक्या हाताने फिरवणे ही विद्या आहे, ती चार दिवसांत येत नाही. मात्र तसली इस्त्री घरात बंद खोलीत पेटवू नये. निखाऱ्यांचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि माणूस झोपल्या जागी दगावतो.

आता विजेची इस्त्री. तिचे काम कसे चालते ते समजून घ्या, म्हणजे दुकानदार काहीही सांगो, तुम्ही फसणार नाही. सुती धागा पाण्याने नरम पडतो. उष्णतेने ते पाणी उडून जाते. वजनाखाली धागा सरळ होतो आणि तसाच वाळतो. म्हणून आपल्या आयाबाया कपड्यावर पाणी शिंपडतात. वाफेच्या इस्त्रीत पाण्याची लहान टाकी असते. पाणी थेंब-थेंब तापल्या बुडावर पडते, त्याची वाफ होते आणि बुडाच्या भोकांतून कपड्यात शिरते. म्हणजे जादा पैसे जातात ते बहुतेक या शिंपडण्यापायी! जाड सुती कपडे रोजचे असतील, शिवणकामाचा धंदा असेल, तर ते पैसे वसूल होतात. आठवड्याला पाच-सहा गणवेश करायचे असतील, तर साधी इस्त्री आणि पाण्याची वाटी पुरे, असे आमचे मत आहे.

दुसरे असे, की आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी तापवायच्या पातेल्यात पांढरा थर बसतो, तो तुम्ही पाहिलाच आहे. तोच थर इस्त्रीच्या बारीक भोकांत बसतो. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून वाफेची इस्त्री घेऊन आला. दोन महिन्यांत ती पांढऱ्या सदऱ्यावर मळकट ठिपके टाकू लागली. वाफेची घ्यायचीच असेल, तर टाकीत क्षार काढलेले पाणी घाला. काम झाले, की उरलेले पाणी ओतून टाका. आणि पाणी भरताना पिन आधी बोर्डातून काढलेली असली पाहिजे.

आता तुम्हाला अंक वाचता येतात. ते इथे कामाला लावा. इस्त्रीवर वॅट लिहिलेले असतात. साधी इस्त्री बहुधा ७५० किंवा १००० वॅटची असते. वाफेची १२०० पासून १६०० पर्यंत, काही त्याहूनही जास्त. घरातला लहान पॉइंट ६ अँपिअरचा असतो. ६ ला २३० व्होल्टने गुणा. १३८० वॅट आले. त्याहून मोठ्या इस्त्रीला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट लागतो. लहान पॉइंटवर जोडली तर बोर्ड वितळतो. बिलाचे गणितही सोपे आहे. १००० वॅट एक तास चालले, की १ युनिट. इस्त्री तापली, की आपोआप बंद होते आणि पुन्हा चालू होते, म्हणून खर्च थोडा कमीच येतो. पण एका सदऱ्यासाठी रोज तापवण्यापेक्षा आठवड्याचे कपडे एकदम काढावेत.

पुढची गोष्ट. आय.एस.आय.चे चिन्ह शोधा. त्याच्या वर आय.एस. आणि पुढे नंबर असतो. तो विजेच्या इस्त्रीच्या भारतीय मानकाचा नंबर. अक्षरे आणि आकडे इंग्रजी असतात, पण ते आकडे मोबाईलवर तुम्ही रोज पाहता. चिन्हाखाली परवान्याचा नंबर असतो. मोबाईलवर 'बीआयएस केअर' नावाचे ॲप आहे, त्यात तो घालून पोरे खरा-खोटा तपासून देतात. बाजारच्या दिवशी पालावर मिळणारी बिनचिन्हाची इस्त्री फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. इस्त्रीच्या पिनेला तीन काड्या असतात. वरची जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची. आत तार उघडी पडली, तर वीज इस्त्रीच्या धातूच्या अंगात उतरते. अर्थिंग असले तर ती जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. नसले तर ती धरणाऱ्या हातातून जाते. आणि आपल्याकडे काय करतात? बोर्डाला दोनच भोके असली, की जाड काडी कापून टाकतात! असा झटका बसून हात भाजलेली बाई आम्ही पाहिली आहे. जीव वाचला एवढेच. इस्त्री घेण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असतो, पण वैशाखात माती कोरडीठाक पडते. तेव्हा त्यात अधूनमधून घागरभर पाणी ओता. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून इस्त्री धरू नका. वायर टेबलाखाली लोंबती ठेवू नका, रांगते पोर ती ओढते.

इस्त्रीच्या चकतीवर ठिपके असतात. एक ठिपका नायलॉनला, दोन रेशमाला आणि लोकरीला, तीन सुती कपड्याला. टेरिकॉटच्या गणवेशाला दोनाच्या वर जाऊ नये.

राहिला इस्त्रीचा बोर्ड, म्हणजे घडीचे टेबल. अमेरिकेत सारा बून नावाची शिवणकाम करणारी बाई होती. ती गुलामगिरीत जन्मलेली. अस्तन्या आणि बायकांचे कपडे नीट व्हावेत म्हणून तिने अरुंद, बाकदार फळी काढली आणि १८९२ साली तिचे पेटंट मिळवले. आजचा बोर्ड त्याच जातीचा. विकतचा घेतलात तर दुकानातच उघडून, हात दाबून पाहा. डगमगला तर परत द्या. नाहीतर सुताराकडून चार फुटी फळी एका टोकाला निमुळती करून घ्या आणि ते टोक टेबलाबाहेर काढून ठेवा, म्हणजे झबले, अस्तनी त्यावर चढवता येते. फळीवर जुनी घोंगडी पसरा, वर धुतलेले सुती लुगडे. रंगीत नको, रंग उतरतो. खिळे ठोकू नका, खालून नाडीने बांधा, म्हणजे सोडून धुता येईल.