पुण्याची संग्रहालये आणि गावचा ठेवा

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्यास येणाऱ्या शालेय सहलींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी शनिवारवाडा, दुपारी पर्वती, सायंकाळी सारसबाग आणि लगेच परतीचा प्रवास. शनिवारवाडा पाहू नये, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु १८२८ च्या आगीत त्याचे महाल भस्मसात झाले. आज तेथे तट, दरवाजे आणि जोती एवढेच उरले आहे. त्या काळची माणसे घरात काय वापरीत, कशी राहत, हे जाणून घ्यावयाचे तर पावले संग्रहालयांकडे वळली पाहिजेत.

शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्यांपैकी अग्रगण्य होय. 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. त्यांचा पुत्र राजा बालवयातच निवर्तला. त्याच्या स्मरणार्थ या संग्रहास त्याचे नाव देण्यात आले. पत्नी कमलाबाई यांच्या साथीने वाढविलेला हा संग्रह केळकरांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. कोथरूड येथील मस्तानी महालाचा भाग येथे पुन्हा उभारलेला आहे. तथापि या संग्रहालयाचे खरे वैभव दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, कुलपे आणि पाय घासावयाच्या वज्री यांत आहे. राजेरजवाड्यांच्या तलवारी पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळतात. सामान्य घरातील अडकित्त्याला असा मान क्वचितच मिळाला असेल. तांबट, कासार, सुतार आणि लोहार यांचे हे कर्तृत्व आहे.

आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालयही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ही संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. वारली चित्रे, मुखवटे, वाद्ये व दागिने यांतून डोंगरदऱ्यांतील जीवन तेथे समोर उभे राहते. आगाखान पॅलेसमध्ये स्वातंत्र्यलढ्याचे एक करुण पर्व पाहावयास मिळते. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४४ च्या मे महिन्यापर्यंत महात्मा गांधी तेथे स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई व कस्तुरबा यांनी तेथेच देह ठेवला. त्यांच्या समाध्या त्याच आवारात आहेत.

भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० ची. मंडळाचे एक संस्थापक इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत प्रसिद्ध केली. ही साधने राजधानीत नव्हे, तर वाड्यांच्या माळ्यांवर आणि जुन्या पेटाऱ्यांत पडून होती, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी.

संग्रहालयाचा खरा धडा हाच आहे. तेथील वस्तू कोणत्या तरी गावातून, कोणाच्या तरी घरातून आलेल्या आहेत. ज्या जपल्या गेल्या नाहीत, त्या मोडीच्या भावाने गेल्या. कागद वाळवीने खाल्ले. वीरगळ कपडे धुण्याचे दगड झाले. गेलेली वस्तू पुन्हा घडविता येत नाही.

म्हणून शिक्षकांनी सहलीपूर्वी संग्रहालयाशी संपर्क साधून वेळ निश्चित करावी. प्रत्येक विद्यार्थ्याने एकच वस्तू निवडावी, तिचे चित्र काढावे आणि घरी गेल्यावर तशी वस्तू कोणी वापरली होती काय, हे आजीआजोबांना विचारावे. पंचायतींनी गावातील शिलालेख, वीरगळ व जुन्या दप्तरांची नोंदवही ठेवावी. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, हेही ग्रामस्थांस समजावून सांगावे.

पुण्याची सहल एका दिवसात संपते. ती गावी परतल्यावर एखादे दप्तर वाळवीपासून वाचले, एखादा वीरगळ धुण्याच्या जागेवरून उचलून देवळाच्या ओट्यावर उभा राहिला, तर त्या सहलीचा खर्च सत्कारणी लागला असे समजावे.