घरातील मराठीसाठी विनामूल्य साधने : शोध आणि उपयोग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालकमेळाव्यात केलेले भाषण)



विषय तसा साधा आहे. मुलांबरोबर घरी वाचावे, लिहावे, खेळावे, हातांनी काही करावे, यासाठी जे मराठी साहित्य आज संगणकावर विनामूल्य मिळते आणि कागदावर छापूनही घेता येते, ते शोधावे कसे आणि वापरावे कसे, एवढेच मला सांगायचे आहे.

मंडळाची स्थापना झाली त्या काळी परप्रांतात मराठी बालपुस्तक ही दुर्मीळ वस्तू होती. मे महिन्याच्या सुट्टीत कोणी पुण्यामुंबईकडे गेले, की परतताना ट्रंकेत लोणच्याच्या बरणीशेजारी चार पुस्तके येत आणि घरोघर फिरून ती पार खिळखिळी होत. आज ती टंचाई उरलेली नाही. तरीही आपल्या कित्येक घरांत पहिली पिढी मराठी वाचते, दुसरी अडखळत वाचते आणि तिसरीला आजीने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावी लागते. मुलांना मराठी समजते, थोडेफार बोलताही येते. परंतु भाषा केवळ कानांपुरती उरली, की ती ओसरायला वेळ लागत नाही. पुस्तके मिळत नाहीत, हे कारण आता पुढे करता येणार नाही. प्रश्न उरतो तो निवडीचा आणि नेमाचा.

प्रथम साधनांकडे वळू. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. आपली मुले महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात शिकत नसली, तरी पहिली-दुसरीची मराठीची पुस्तके अक्षरओळखीसाठी उत्तम आहेत, कारण ती क्रमाने रचलेली आहेत. याच संस्थेचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंकही संगणकावर खुले आहेत. ज्या पालकांनी लहानपणी ते अंक वाचले, त्यांनी आपल्या वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीचा अंक शोधून मुलांसमोर ठेवून पाहावा. ‘हे मी तुझ्याएवढी असताना वाचले होते’ या एका वाक्याने मुलाचे कुतूहल जेवढे जागे होते, तेवढे उपदेशाने होत नाही. थोड्या मोठ्या मुलांच्या प्रश्नांसाठी मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला, तो प्रचंड ग्रंथराज आज कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येतो.

चित्रकथांसाठी ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’ आहे. तेथील गोष्टी वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेल्या असून मराठीत पुष्कळ आहेत. हातांनी करण्याच्या उद्योगांसाठी अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ तर खजिनाच म्हटले पाहिजे. आयआयटी कानपूरचे हे अभियंते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाच्या संपर्कात आले आणि काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे, रद्दी कागद अशा टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवू लागले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकेही विनामूल्य मिळतात.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. मोफत म्हणजे मुक्त नव्हे. बालभारतीचे पुस्तक मोफत वाचता येते, तथापि त्याचा स्वामित्वहक्क प्रकाशकाकडेच राहतो. उलट स्टोरीवीव्हरवरील गोष्टी सामान्यतः मुक्त परवान्याच्या असतात. लेखक-चित्रकारांचे नाव व परवाना यांचा उल्लेख ठेवून त्या छापता, वाटता, अनुवादितही करता येतात. आपल्या देशातील कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यामुळे १९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली आहे. मुख्यतः मध्य भारतात आयुष्य घालवलेले, म्हणजे एका अर्थी आपल्यासारखेच परप्रांतस्थ असलेले कवी भा. रा. तांबे १९४१ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविताही आज मुक्त आहेत. मात्र नव्या आवृत्तीतील चित्रे आणि प्रस्तावना यांचे हक्क निराळे असू शकतात. मंडळाने काही छापून वाटायचे ठरवल्यास एवढी चौकशी अवश्य करावी. तसेच, ‘विनामूल्य’ म्हणून पुढे केलेल्या पानासाठी कोणी आधी दूरध्वनी क्रमांक आणि मुलांची माहिती मागू लागला, तर ती त्या पानाची किंमतच समजावी आणि तेथून परत फिरावे.

शोधताना शब्द देवनागरीत लिहावेत आणि त्यांत ‘मराठी’ हा शब्द जरूर घालावा. नाहीतर अक्षरे गिरवण्याचे जे तक्ते हाती येतात, ते बहुधा हिंदीचे असतात. त्यांत ड आणि ढ यांच्याखाली नुक्ता दिसतो, ल आणि श यांची वळणे पुष्कळदा वेगळी असतात आणि मुख्य म्हणजे ‘ळ’ नसतो. ‘ळ’ नसेल तर मुलाला बाळ, शाळा, केळे आणि दिवाळी यांपैकी एकही शब्द लिहिता येणार नाही. म्हणून तक्ता छापण्यापूर्वी आधी ‘ळ’ शोधावा.

आता उपयोगाविषयी. संगणकात शेकडो पुस्तके साठवली म्हणजे मुले वाचू लागतील, असे मुळीच नाही. माझी सूचना अगदी लहान आहे. आठवड्याला एकच पान छापावे. रंगीत छपाईचा हट्ट नको. काळ्या रेषांचे चित्र स्वस्तात छापले जाते आणि मुलांना ते स्वतः रंगवता येते. ते पान रविवारी सकाळी सर्वांनी मिळून आधी मोठ्याने वाचावे, मग रंगवावे, कापावे, चिकटवावे. मोठ्याने वाचण्याला मी महत्त्व देते, त्याला कारण आहे. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’, ‘जहाज’ आणि ‘जीभ’ या जोड्यांतले अक्षर एकच, परंतु उच्चार भिन्न. हा भेद कागदावर दिसत नाही. तो घरातल्या माणसाच्या तोंडूनच ऐकावा लागतो. साधन कितीही उत्तम असले तरी आईवडील, आजीआजोबा यांची जागा ते घेऊ शकत नाही, ते याचसाठी. आजीआजोबा गावी असतील तर तेच पान त्यांनाही पाठवावे. दोन्हीकडे तोच कागद असला, की दूरध्वनीवरचे ‘कसा आहेस, जेवलास का’ एवढ्यावर न थांबता संभाषण पुढे सरकते.

आणि काही पाने अशी आहेत, की ती कोणत्याही संकेतस्थळावर मिळणार नाहीत. ती आपणच तयार करायची. स्वयंपाकघरातील डब्यांवर मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घ्या : हळद, डाळ, गूळ, तांदूळ. चार डबे झाले, की ‘ळ’ कायमचा पक्का झाला! आजीची थालीपिठाची कृती, आजोबांच्या गावाचा हाती काढलेला नकाशा, कुळातील नात्यांचा वृक्ष, सागरगोट्यांचे नियम ही सारी आपल्या घरची पाठ्यपुस्तके आहेत. सांगणारी माणसे आहेत तोवरच ती लिहून होतील. पुढे ती कोणत्याही यंत्राला शोधून देता येणार नाहीत.

शेवटी मंडळाला एक विनंती. प्रत्येक कुटुंबाने पुढच्या मासिक सभेला एक पान आणावे : निवडलेले किंवा स्वतः तयार केलेले. ते कोठून मिळाले आणि कोणत्या वयाच्या मुलाला आवडले, एवढे त्याच्या मागे लिहावे. अशी बावन्न पाने जमली, की वर्षभराच्या रविवारांची सोय झाली. ती मंडळाच्या ग्रंथालयात एका फायलीत लावून ठेवावीत, म्हणजे नव्याने बदली होऊन आलेल्या कुटुंबाला पहिल्याच आठवड्यात हाती काहीतरी देता येईल.

पन्नास वर्षांपूर्वी पुस्तके मोजकीच होती, म्हणून ती वाटून वाचली गेली. आज साहित्य विपुल असले तरी ते एकत्र बसूनच वाचू या.