शनिवारी एकटा, रविवारी घोळक्यात

(पोखर्णीत गावातल्या मुलामुलींसमोर झालेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. बोलीतले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

माइक जरा जवळ घेतो, मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं.

मला सांगितलंय की सायकलच्या शर्यतीबद्दल बोल. मी म्हटलं, सगळ्या शर्यतींबद्दल बोलत बसलो तर नृसिंहाच्या आरतीपर्यंत उठायचो नाही. म्हणून एकाच शनिवार-रविवारचं सांगतो. हंगामातली पहिली शर्यत, नोव्हेंबर २०२५ मधली.

आधी हंगाम म्हणजे काय ते. युरोपात रस्त्यावरच्या शर्यतींचा खरा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटी, बेल्जियममध्ये उघडतो. शनिवारी ओमलूप, रविवारी क्यूर्न. एक १९४५ साली सुरू झाली, दुसरी १९४६ साली. तिथं तेव्हा हाडं गोठवणारी थंडी असते. आपलं उलटं. पाऊस गेला, रस्ते वाळले की आपला हंगाम. आणि नेमका त्याच वेळी उसाचा गळीत हंगाम पण सुरू होतो! गंगाखेड रस्त्यावर पहाटे साडेपाचला सराव करायचा म्हणजे पुढं उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि लोंबणारा ऊस तुमच्या तोंडावर. मला विचाराल तर स्पर्धेत पडायची भीती यापेक्षा कमीच वाटते. मी म्हणून उजेड पडल्याशिवाय निघतच नाही. तुम्हीपण निघू नका. वेळ गेला तर जाऊ द्या.

आता त्या वर्षी सप्टेंबरात पाण्यानं काय केलं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. आमचं सोयाबीन पाण्यातच राहिलं. घरात हरभऱ्याच्या बियाण्याचा हिशोब चालू आणि माझ्या सायकलचा मागचा टायर झिजून कापडाला आलेला. शर्यतीचा चांगला टायर म्हणजे बियाण्याच्या पिशवीचा पैसा. बाबा एवढंच म्हणाले, "ह्यातून पुढं काय हाय, ते एकदा सांग." रागानं नाही बरं का, खरंच विचारत होते.

उत्तर मला माहीत होतं आणि त्यांनाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी पदक लागतं. भाग घेतल्याचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला चांगलं, बाकी त्याचा उपयोग नाही. बियाणं आधी घेतलं. टायर मी जुनाच, पण कमी झिजलेला, एका दोस्ताकडून घेतला.

हा दोस्त महत्त्वाचा आहे. आम्ही दोघंच, एका जिल्ह्याचे. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आणि नोकरीसाठी वयाची अट त्याच्या फार जवळ आलेली. त्याच्या हातात फार तर हा एकच हंगाम.

आपल्याकडं घाट नाही. ही आपली अडचण. पुण्या-साताऱ्याची, कोल्हापूरची पोरं रोज चढ बघतात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात, आपल्याला राजा व्हायला आधी घाट शोधत जावं लागतं. परळीच्या पुढं अंबाजोगाईकडं जाताना थोडा मिळतो. पण आपल्याकडं वारा आहे, आणि तो फुकट आहे. दैठण्याकडं जाताना दोन्ही बाजूला मोकळं रान, झाड नाही. बाजूनं वारा आला की समोरच्याच्या बरोबर मागं राहून उपयोग नसतो, तिरकं राहावं लागतं, त्याच्या आडोशाच्या बाजूला. घाटाखालच्या पोरांना हे पटकन जमत नाही.

हे आडोशाचं गणित नीट समजून घ्या. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. सपाट रस्त्यावर तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. दुसऱ्याच्या चाकामागं राहिलात तर चौथा हिस्सा, कधी तिसरा हिस्सा ताकद वाचते. म्हणजे कुणीतरी तुमच्यासाठी मरतंय म्हणून तुम्ही ताजे राहता. रविवारचं सगळं भांडण यावरूनच असतं.

तर निघालो. नांदेड-पनवेल गाडी, सायकलची दोन्ही चाकं काढून मायच्या जुन्या गोधडीत गुंडाळलेली. टीसी म्हणाला हे काय, मी म्हटलं पोटापाण्याचं सामान. हसला आणि पुढं गेला.

शेवटच्या आठवड्यात सराव कमी करायचा असतो. हे ऐकायला सोपं, करायला सगळ्यात अवघड. पाय मोकळे असतात आणि डोकं भरलेलं. रोज सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजतो मी. नेहमी ४८ च्या आसपास असते. शुक्रवारी सकाळी ५६. ताप नाही, सर्दी नाही. नुसती काळजी. पूर्वी मी अशा आकड्यानं घाबरायचो. आता वहीत लिहितो आणि चहा पितो. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी चालतं, त्याच्या आदली रात्र नीट झोपलेली पाहिजे. ते मी सांभाळलं होतं.

शनिवारी टाइम ट्रायल. एकेकाला एक-एक मिनिटानं सोडतात, कुणाच्या मागं राहायचं नाही. इथं लपायला जागा नसते. पहिली पाच मिनिटं पाय म्हणतात, अजून जोरात जा. त्यांचं ऐकायचं नाही. मी नववा आलो. दोस्त पाचवा. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. नववा हाच माझा त्या दिवसाचा आकडा होता.

संध्याकाळी खोलीवर बोललो. खिचडी झाली, दोन केळी झाली. उद्याच्या बाटल्या भरल्या. मी महागडी पावडर वापरत नाही. साखर, मीठ, लिंबू, पाणी. तासाला साधारण ६० ग्रॅम साखर पोटात जायला पाहिजे, पण ते आधी सरावात करून बघा, नाहीतर शर्यतीत पोट बिघडेल. मग तो म्हणाला, "उद्या तू तुझं बघ. माझ्यासाठी नको थांबू." मी म्हटलं, बघू सकाळी. मला पण पदक पाहिजे होतं ना.

रविवारी मास स्टार्ट. सगळे एकत्र सुटतात आणि घोळका बनतो. साधारण ७० किलोमीटरनंतर रस्ता वळला आणि वारा बाजूनं आला. तो आपला वारा होता! मी पुढं गेलो, तो माझ्या आडोशाला तिरका लागला, आणि मागं बघितलं तर घोळका फाटलेला. सात जण पुढं. त्यातले आम्ही दोघं. आता विचार करा. मी ओढत राहिलो तर हे सात जण पुढं टिकतात, पण शेवटच्या धावेत माझ्या पायात काही उरत नाही. नाही ओढलं तर मागचे येऊन गाठतात, आणि मग दोघांचंही काही नाही. मी ओढलं. शेवटच्या चार किलोमीटरला माझे पाय संपले आणि मी सुटलो. मागच्या घोळक्यातले चार जण पण पुढं निघून गेले. मी अकरावा.

दोस्त चौथा आला.

हो, चौथा. फार तर एका चाकानं पदक गेलं. आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो, त्यानं मला उरलेलं पाणी दिलं. काही बोलला नाही, मी पण नाही.

नंतर २०२६ च्या जानेवारीत, १९ ते २३ तारखेला, पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय २.२ दर्जाची, ४३७ किलोमीटर, परदेशी संघ. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून बघायला गेलो. तिथं मी तीच गोष्ट बघितली. एक गडी कितीतरी वेळ पुढं राहून वारा खात होता, मग बाजूला झाला आणि घोळका त्याला गिळून निघून गेला. टाळ्या पहिल्या येणाऱ्याला. पण त्याला त्याचा संघ पगार देतो, वारा खायचा पगार. आपल्याकडं तो पगार नाही, ही खरी गोष्ट आहे, आणि ज्यांच्या घरात बियाण्याचा हिशोब चालतो त्यांनी ती माहीत असूनच यात पडावं असं मला वाटतं.

दोस्ताला अजून एक स्पर्धा मिळेल. मी त्याच्यासाठी ओढणार का, असं मला कालच एकानं विचारलं. वारा कुठून येतो त्यावर आहे, असं सांगितलं त्याला.

बाहेर सायकल उभी आहे. आंतरराष्ट्रीय नियमात ती ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, माझी नऊची आहे, तेव्हा चिंता नाही. उचलून बघा, बसून बघा. फक्त गिअरला हात लावू नका, रविवारी मला ती लागणार आहे.