चंचीतला अडकित्ता आणि खिशातला चाकू



ज्या शाळेत मी पाटी-पेन्सिलीपासून शालान्त परीक्षेपर्यंत शिकलो, त्या शाळेत आपल्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी चालकांचा अत्यंत ऋणी आहे. मराठीच्या प्राध्यापकाने अशा प्रसंगी संतवाङ्मयावर किंवा गेला बाजार नवकाव्यावर बोलावे, अशी अपेक्षा असते. मी आज चाकूवर बोलणार आहे. विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु ज्यांनी गुरुजींचा सुलेखनाचा तास अनुभवला आहे, त्यांना नवल वाटणार नाही.

दर शनिवारी गुरुजी आम्हां सर्वांचे बोरू तासून देत. कोटाच्या खिशातून दोन पात्यांचा मिटता चाकू निघे, नखाच्या खाचेत नख घालून ते पाते उघडत, आणि रांगेने पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या बोरूला तिरपा काप देत. त्या चाकूला हात लावण्याची कुणाची छाती नव्हती. एके दिवशी त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आज तू तास." मी बोरूऐवजी बोट कापून घेतले. गुरुजींनी आपल्या रुमालाने बोट बांधले, रागावले नाहीत. पुढच्या शनिवारी मात्र त्यांनी तोच चाकू पुन्हा माझ्यापुढे ठेवला. ज्याने एकदा कापून घेतले त्याच्याच हाती पुन्हा पाते देणे म्हणजे काय, हे समजायला मला फार वर्षे लागली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या समजुतीचाच वृत्तान्त आहे.

प्रथम थोडे शब्दांविषयी. ती आमची व्यावसायिक खोड आहे. 'चाकू' हा शब्द तुर्की-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. 'सुरी'चे कूळ संस्कृत 'छुरिके'त सापडते. 'अडकित्ता' कर्नाटकाचा, कानडीत 'अडके' म्हणजे सुपारी. एका घरातली तीन पाती आणि तीन मुलखांचे शब्द! इंग्लंड-अमेरिकेत खिशातल्या चाकूला जे स्थान आहे, ते आपल्या जुन्या मराठी जीवनात अडकित्त्याला होते. तो चंचीत घालून माणूस घराबाहेर पडे आणि ओसरीवर कुणी भेटले की चंची सोडली जाई. दोन माणसांत बोलणे सुरू होण्यापूर्वी सुपारी कातरली जाई. समारंभाला 'पानसुपारी' म्हणत, लग्न ठरले की 'सुपारी फुटली' म्हणत. पुढे मुंबईच्या गुन्हेगारी जगाने त्याच शब्दाला खुनाच्या कंत्राटाचा अर्थ चिकटवला, हे भाषेचे दुर्दैव.

अडकित्ता आणि मिटता चाकू यांची रचना वेगळी असली, तरी दोघांचा जीव एकाच ठिकाणी असतो: खिळीत. अडकित्त्याची खीळ टोकाला, सुपारी मध्ये आणि जोर दुसऱ्या टोकाला. म्हणून थोड्या बळात कठीण सुपारी फुटते. चाकूची खीळ पाते आणि मूठ यांना जोडते, व मुठीच्या पाठीशी बसवलेली पोलादी पट्टी पाते उघडे वा मिटलेले धरून ठेवते. खीळ सैल झाली की पाते डुगडुगते; फार आवळली की उघडतच नाही.

या साध्या वस्तूंकडे आदराने पाहायला महाराष्ट्राला ज्यांनी शिकवले, ते पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा माणूस १९२०च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या मागे लागला आणि जन्मभर लागून राहिला. राजेरजवाड्यांच्या रत्नहारांपेक्षा त्यांना दिवे, फण्या, वज्र्या, कोरीव दारे, दौती आणि अडकित्ते यांची ओढ अधिक. वीस हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जमवल्या, बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि सगळा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. तिथल्या अडकित्त्यांपुढे मी प्रथम उभा राहिलो, तेव्हा पितळी मुठी, पोपट-मोरांचे आकार, घुंगरे यांनी मी दिपून गेलो. दुसऱ्या भेटीत माझे लक्ष झिजेकडे गेले. कुणाच्या तरी अंगठ्याने वर्षानुवर्षे दाबून मोराची मान गुळगुळीत झाली होती. त्या अंगठ्याच्या धन्याचे नाव आज कुणालाच ठाऊक नाही.

आता भोपाळकडे येतो. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची ही राजधानी झाली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची कितीतरी मराठी कुटुंबे सरकारी नोकरीच्या मागे येथे आली. आमचे त्यांतलेच एक. तात्या टोपे नगरात दोन खोल्यांचे घर मिळाले. वडिलांच्या चंचीत अडकित्ता होताच. पण जुन्या शहरात गेल्यावर त्यांना चंचीची देखणी बहीण भेटली: भोपाळचा बटुआ. जरीकाम आणि मण्यांनी मढवलेला, दोऱ्या ओढल्या की मिटणारा. त्यात सुपारी, वेलची, लवंग. आणि जवळ सरौता, म्हणजे अडकित्ताच. परक्या शहरात वडिलांना पहिले स्नेही या बटुआ-चंचीच्या देवघेवीतूनच मिळाले.

मलाही तसाच स्नेही मिळाला. १९७४ साली मी महाविद्यालयात रुजू झालो, त्याच वर्षी उर्दूचे एक अध्यापक तेथे आले. जुन्या शहरातले, वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. "को खाँ, प्रोफेसर साहब!" ही त्यांची हाक अजून कानांत आहे. त्यांना जुन्या चाकूंचा नाद, मला अडकित्त्यांचा. ग्वाल्हेरचे एक बँक कर्मचारी आणि नागपूरचे एक ओव्हरसीयर येऊन मिळाले, आणि रविवारी सकाळी माझ्या व्हरांड्यात आमची बैठक भरू लागली. आधी जुमेराती-इतवाऱ्याच्या गल्ल्यांतल्या भंगारवाल्यांकडे फेरी, मग चहा, मग टेबलावर अंथरलेल्या पंचावर सापडलेला माल.

या बैठकीचे काही अलिखित नियम होते. पाते हातातून हातात द्यायचे नाही. मिटून टेबलावर ठेवायचे, दुसऱ्याने तेथून उचलायचे. आमच्या आजीच्या मते कात्री रिकामी वाजवली की भांडण होते. उर्दूवाल्यांच्या आजीचेही तेच मत निघाले! धन्याची परवानगी घेऊन मगच उघडायचे. धारेवर बोट फिरवायचे नाही. परत ठेवताना पाते फडक्याने पुसायचे, कारण बोटांच्या घामाने पोलादावर डाग पडतात. आणि शेवटचा नियम: किंमत विचारायची नाही, 'कुणाचा?' हे विचारायचे. उत्तर मिळाले नाही, तर ती वस्तू अर्धीच मिळाली असे आम्ही समजत असू.

कपबशा घेऊन येणाऱ्या सौभाग्यवतींना या शस्त्रसज्जतेची भीती वाटे. वास्तविक आमच्यातले एकही पाते चार इंचांवर नव्हते. नऊ इंचांहून लांब पात्याला शस्त्रकायद्याखाली परवाना लागतो, हे ओव्हरसीयरसाहेब प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगत. त्यांच्याकडे एक लहानसा रामपुरी होता. रामपूरच्या कारागिरांच्या त्या विद्येला हिंदी चित्रपटांनी गुंडाच्या हातात देऊन बदनाम केले. आमचा रामपुरी उन्हाळ्यात आंबे सोली. त्या रामपुरात २०२३ साली चौकात वीस फुटी चाकू उभारला गेला आहे. आमच्या बैठकीतले सर्व सभासद असते, तर तो पाहायला आम्ही खात्रीने गेलो असतो.

जगात अन्यत्रही अशी माणसे आहेत. इंग्लंडचे शेफिल्ड, जर्मनीचे झोलिंगेन, फ्रान्सचे तिएर, जपानचे सेकी ही पात्यांची गावे. आणि जुन्या घडणीच्या चाकूंचे प्रेमी आज खिशात कोणता आहे हे एकमेकांना कौतुकाने दाखवतात. त्यांच्यात एक जुना वाद आहे: चाकू वापरावा की जपून ठेवावा? हा वाद मला तेव्हा पोरकट वाटे. तो किती गंभीर आहे, हे मला माझ्याच कपाटाने शिकवले.

१९७९ साली उर्दूच्या मित्रांची सीहोरला बदली झाली. निघण्याच्या आदल्या रविवारी त्यांनी वडिलांचा चाकू माझ्यापुढे ठेवला. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा. पात्यावर चांदणी आणि क्रूस ही त्या पेढीची खूण, मूठ शिंगाची. चाकू भेट दिला तर मैत्री कापली जाते, अशी समजूत आहे. म्हणून घेणाऱ्याने नाणे द्यावे लागते. मी चार आणे दिले. मग मी वडिलांचा अडकित्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि तेच चार आणे मला परत मिळाले! दोघांनाही वाटले, हिशेब पुरा झाला.

पुढे ते भोपाळला परत आले. १९८४च्या डिसेंबरातल्या त्या रात्री जुन्या शहरावर वायू पसरला, तेव्हा पहाटे ते बायकामुलांसह माझ्या दारात उभे होते. डोळे सुजलेले, श्वास लागलेला. अकरा दिवस दोन खोल्यांत आम्ही दहा माणसे राहिलो. त्या दिवसांविषयी येथे काय सांगावे? श्रोत्यांपैकी अनेकांनी ते पाहिले आहेत. एवढेच सांगतो, की रात्री कुणालाच झोप येत नसे, आणि अंधारात मधूनमधून अडकित्त्याचा कट् असा आवाज येई. घर सोडताना खिशात राहिलेली ती एक वस्तू होती. तो आवाज आला, की मी मनाशी म्हणे: हे जागे आहेत, बरे आहेत.

श्रोतेहो, आता जे सांगतो ते सांगण्यास मला संकोच होतो. पण गुरुजींच्या नावाच्या व्यासपीठावर खोटे बोलवत नाही. २०१२ साली मी निवृत्त झालो, कोलार रोडला मुलाकडे राहायला गेलो. तेथून जुने शहर काही परदेश नव्हे. मित्रांची छाती वायूने कायमची अधू झालेली. ते येऊ शकत नव्हते. मी जाऊ शकत होतो. सात वर्षांत मी चार वेळा गेलो. उन्हाळा, पाऊस, नातवंडांच्या परीक्षा. सबबींना तोटा नसतो. मैत्री कुठे जाते, ती आहेच, असे मी समजत होतो. २०१९च्या हिवाळ्यात ते गेले.

चाळिसाव्यानंतर त्यांचा मुलगा अडकित्ता परत घेऊन आला. "अब्बांनी सांगून ठेवले होते," म्हणाला. सुपारीने कर्करोग होतो, हे आता सर्वमान्य आहे. डॉक्टरांनी त्यांची सुपारी केव्हाच बंद केली होती. मग अडकित्ता इतका झिजला कसा? मुलगा म्हणाला, "ते रोज सकाळी नातवंडांसाठी त्याने खारीक आणि बदाम कातरत. खीळ दोनदा बदलली." पाते धार लावून लावून निम्म्यावर आले होते.

मी आत जाऊन रॉजर्सचा चाकू काढला. चाळीस वर्षे मी तो चामड्याच्या घरात घालून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कुणाचा हात लागू नये असा ठेवला होता. तो उघडेना. चामडे ओल धरते आणि त्यातली द्रव्ये पोलाद खातात, ही गोष्ट आमच्या बैठकीत मीच इतरांना कितीदा सांगितली होती! पाते मुठीतच गंजून बसले होते. मुलाने ते पाहिले. तो काही बोलला नाही, आणि मलाही काही बोलता आले नाही.

धार लावताना प्रत्येक वेळी थोडे पोलाद जाते, म्हणून वापरलेले पाते एक दिवस संपणार हे खरे. पण न वापरलेले पाते राहते, हा आपला भ्रम आहे. ते कुणाच्या उपयोगी न पडता आतल्या आत संपते. मी वस्तू सांभाळली आणि माणूस विसरलो. त्यांनी वस्तू झिजवली आणि तिच्यासोबत मला रोज सकाळी आठवले. संग्राहक कोण, हे मी आपल्यावर सोपवतो.

तो चाकू मी दोन दिवस तेलात ठेवला. मग चौकात सहाणेचे चाक फिरवणाऱ्या शिकलगाराने तो हळूहळू उघडला. पात्यावर गंजाचे खड्डे राहिले आहेत. ते जाणार नाहीत, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. आता तो माझ्या खिशात असतो. नातीच्या पेन्सिली त्याने तासतो. दर शुक्रवारी जुन्या शहरात भाभींकडे जातो. त्या पेरू पुढे ठेवतात, मी त्या चाकूने कापतो. उशीर झाला आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

या सभागृहात माझे वर्गबंधू बसलेले दिसतात. पन्नास वर्षांत त्यांतल्या कित्येकांशी मी बोललो नाही. व्याख्यान संपल्यावर चहा आहे, असे चालकांनी सांगितले आहे. कृपया कुणी घाईने जाऊ नये. आणि गुरुजींचा तो दोन पात्यांचा चाकू आज कुणाच्या घरी असेल, तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: तो कपाटात ठेवू नका. एखाद्या मुलाच्या हाती द्या. त्याने बोट कापून घेतले, तर बांधा. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा द्या.