प्राणवायूचे माप

(हीरकमहोत्सवी वर्षातील राष्ट्रीय विज्ञानदिनी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



विज्ञानदिनी विज्ञानशिक्षकांनी बोलावे, हा आपल्या शाळेचा प्रघात. मी पडले भाषेची शिक्षिका. तरीही यंदा हा मान मी मागून घेतला, कारण २०२१ च्या एप्रिलमधील माझी एक चूक मला स्वस्थ बसू देत नाही.

माझे थोरले दीर, या शाळेचेच माजी विद्यार्थी, तेव्हा करोनाने आजारी होते. रुग्णालयात खाट मिळेना, म्हणून घरीच यंत्रावर प्राणवायू सुरू केला. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर सांगितले होते. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर ९५ दाखवीत होते. मध्यरात्री मी कोणाला न विचारता प्रवाह पाचावर नेला. आकडा ९९ झाला आणि मी निश्चिंत झोपले. सकाळी आलेल्या परिचारिकेने तो मुकाट्याने पुन्हा दोनावर आणला. मला रागच आला. ज्याच्या नावातच प्राण आहे, तो वायू अधिक झाल्याने काय बिघडणार? भाषेच्या शिक्षिकेला शब्दानेच फसवले म्हणायचे.

दीर बरे झाले. प्रश्न मात्र राहिला. त्यासाठी पुढे जे वाचले, ते सांगते.

रक्तातील हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे चार जणांचा बाक. निरोगी माणसात साध्या हवेवरच, जिच्यात प्राणवायू अवघा २१ टक्के असतो, हे बाक जवळजवळ भरलेले असतात. शंभर मिलिलिटर रक्त सुमारे वीस मिलिलिटर प्राणवायू वाहते. शुद्ध प्राणवायू श्वासात घेतला तरी भर पडते जेमतेम दोन मिलिलिटरची. बाक भरल्यावर दारात गर्दी करून काय साधणार?

शरीर ही गर्दी ओळखते. धमन्या आकुंचन पावतात, नाडी किंचित मंदावते, हृदय दर मिनिटाला थोडे कमी रक्त फेकते. (फुप्फुसातील रक्तवाहिन्यांची तऱ्हा निराळी : त्या प्राणवायू कमी झाला की आकसतात.) निरोगी माणसाला याने सहसा काही होत नाही. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्याही अशाच आकसतात, आणि त्या आधीच अरुंद झालेल्या असतील तर? रक्तात प्राणवायू वाढतो थोडासा, पण पोहोचणारे रक्तच घटते.

आश्चर्य पुढेच आहे. हृदयविकाराच्या वेदनेवर प्राणवायू दिल्याची नोंद १९०० सालची आहे. पुढे झटका आलेल्या रुग्णाच्या तोंडावर मास्क चढवणे हा शिरस्ताच झाला. त्याची पुरेशी मोठी परीक्षा मात्र शतकभर झाली नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील ४४१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची प्राणवायूची पातळी मुळात चांगली होती, त्यांना मिनिटाला आठ लिटर दिल्यावर हृदयाच्या स्नायूची हानी उलट अधिक आढळली. २०१७ मध्ये स्वीडनमधील ६,६२९ रुग्णांच्या अभ्यासात हानी दिसली नाही, पण लाभही दिसला नाही : वर्षभरातील मृत्यू प्राणवायू घेणाऱ्यांत ५ टक्के, न घेणाऱ्यांत ५.१ टक्के. त्याच वर्षी युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांनी, पातळी ९० किंवा अधिक असल्यास सरसकट प्राणवायू देऊ नये, असे ठरवले.

याचा अर्थ प्राणवायू घातक, असा कृपा करून घेऊ नका. पातळी खालावलेल्या रुग्णाला तो तातडीने द्यावाच लागतो. कोळशाच्या शेगडीच्या धुराने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली, तर बाकांवर परकाच बसलेला असतो. त्याला उठवायला भरपूर प्राणवायू हाच उपाय. औषधाप्रमाणे त्यालाही मात्रा आहे, इतकेच. ब्रिटनमधील श्वसनतज्ज्ञांनी बहुतेक रुग्णांसाठी ९४ ते ९८ ही पातळी सांगितली आहे, आणि जुनाट श्वसनविकार असलेल्या काहींसाठी तर ८८ ते ९२.

दिरांची ९५ पातळी त्या मर्यादेत होती. ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत, आणि मध्यरात्रीची ही हकिकत आत्ताच प्रथम ऐकत आहेत.